विश्लेषण : अंतराळवीर घडतात ते केंद्र कोणाला पाहता येते? माहुलच्या मुलांची वाट कुठे अडते?

शुभांशू शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर जाऊन आल्यापासून शाळाशाळांत एक प्रश्न हमखास विचारला जातो. अंतराळवीर कुठे शिकतात आणि ती जागा बघायला मिळते का? पुणे जिल्हा परिषदेने २०२५ मध्ये सहावी-सातवीच्या मुलांची परीक्षा घेऊन ‘नासा’ आणि ‘इस्रो’ भेटीसाठी ७५ जणांची निवड केली, तेव्हा या प्रश्नाला काही मुलांपुरते उत्तर मिळाले. मुंबईत माहुलसारख्या वस्तीतील मुलांना मात्र ही वाट तितकी सरळ नाही. ती नेमकी कुठे अडते आणि कशी मोकळी होऊ शकते, याचा हा आढावा.

भारताचे अंतराळवीर कुठे प्रशिक्षण घेतात?

एका केंद्राचे नाव सांगून हे उत्तर पूर्ण होत नाही. ‘गगनयान’ मोहिमेसाठी निवडलेल्या प्रशांत बालकृष्णन नायर, अजित कृष्णन, अंगद प्रताप आणि शुभांशू शुक्ला या हवाई दलाच्या चार वैमानिकांची नावे २७ फेब्रुवारी २०२४ रोजी जाहीर झाली. त्यांचे प्रशिक्षण त्याआधीच सुरू झाले होते. बेंगळूरुच्या हवाई दलाच्या एरोस्पेस मेडिसिन संस्थेत वैद्यकीय चाचण्या झाल्यावर फेब्रुवारी २०२० ते मार्च २०२१ या काळात ते मॉस्कोजवळच्या स्टार सिटीतील युरी गागारिन केंद्रात होते. मधल्या काही आठवड्यांत करोनामुळे सराव थांबला होता. परत आल्यावर बेंगळूरुत ‘इस्रो’ने उभारलेल्या प्रशिक्षण केंद्रात पुढचे टप्पे सुरू झाले. शुक्ला आणि त्यांचे राखीव सहकारी नायर यांनी अमेरिकेत ह्यूस्टनच्या जॉन्सन स्पेस सेंटरमध्येही तयारी केली. २५ जून २०२५ रोजी शुक्ला यांनी उड्डाण केले आणि १५ जुलैला ते परतले. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर पोहोचलेले ते पहिले भारतीय.

याआधी ३ एप्रिल १९८४ रोजी अंतराळात गेलेले राकेश शर्मा आणि त्यांचे राखीव सहकारी रवीश मल्होत्रा यांनीही स्टार सिटीतच प्रशिक्षण घेतले होते. आणखी एक धागा महाराष्ट्रातून जातो. शर्मा यांच्याप्रमाणेच ‘गगनयान’चे चौघेही राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे माजी छात्र आहेत. म्हणजे अंतराळात जाऊन आलेल्या भारताच्या दोन्ही वैमानिकांच्या प्रवासातला पहिला मोठा थांबा पुण्याजवळचे खडकवासला होता.

या केंद्रांत पाहण्यासारखे काय असते?

पाहणाऱ्याला तिथे यंत्रे दिसतात. प्रत्येक यंत्र शरीराच्या एखाद्या अडचणीवर उपाय म्हणून उभे केलेले असते. पहिली अडचण वेगाची. यान वर जाताना आणि खाली येताना अंगावर वजनाच्या कित्येक पट दाब येतो. सोयूझ यानातून नेहमीसारखे परतताना तो सुमारे चारपट असतो, पण यान सरळ कोसळल्यासारखे खाली आले तर आठपटीच्याही पुढे जातो. त्याची सवय व्हावी म्हणून लांब दांड्याच्या टोकाला बसवलेल्या खोलीत माणसाला बसवून गरगर फिरवतात. हे सेंट्रिफ्यूज यंत्र. स्टार सिटीतील मोठ्या यंत्राचा दांडा १८ मीटर लांबीचा आहे. जत्रेतल्या पाळण्यात बसलेल्या कोणालाही यातले तत्त्व कळते. फरक इतकाच की, इथे त्या दाबाखाली श्वास कसा घ्यायचा आणि हातातले काम कसे चालू ठेवायचे, याची परीक्षा असते.

दुसरी अडचण वजनरहित अवस्थेची. जमिनीवर ती फार वेळ निर्माण करता येत नाही. विमान वर चढवून ठरावीक वक्राकार मार्गाने खाली आणले तर आतले लोक २० ते २५ सेकंद तरंगतात. एवढ्या वेळात यानाबाहेरच्या दुरुस्तीचा सराव होणे शक्य नाही. म्हणून पाण्याचा आधार घेतात. ह्यूस्टनच्या न्यूट्रल बॉयन्सी प्रयोगशाळेतील तलाव सुमारे ६२ मीटर लांब, ३१ मीटर रुंद आणि १२ मीटर खोल आहे. त्यात अंतराळ स्थानकाच्या भागांच्या प्रतिकृती बुडवून ठेवल्या आहेत. अंतराळवीर पोशाख घालून उतरतो आणि तो वरही येणार नाही, तळालाही जाणार नाही असे वजन त्याच्या अंगावर बांधले जाते. अर्थात हे खरे वजनरहित होणे नाही. पोशाखाच्या आत त्याचे रक्त खालीच ओढले जात असते. तरीही कोणत्या हाताने काय धरायचे, दोरी कुठे अडकवायची हे हात शिकतात. प्रत्यक्ष कामाच्या एका तासासाठी पाण्यात साधारण सात तासांचा सराव, असा हिशेब सांगितला जातो.

तिसरी अडचण परतीची. मार्च १९६५ मध्ये लिओनोव्ह आणि बेल्यायेव्ह यांचे यान ठरल्या जागेपासून दूर उरलच्या बर्फाळ जंगलात उतरले आणि दोघांना तिथे दोन रात्री काढाव्या लागल्या. तेव्हापासून थंडीत जंगलात टिकून राहणे हा रशियन प्रशिक्षणाचा भाग झाला. ‘गगनयान’ समुद्रात उतरणार असल्यामुळे भारताने त्यासाठी कोचीच्या नौदल तळावर पाण्यातून सुटकेच्या सरावाची सोय केली आहे.

मग ही केंद्रे लोकांना पाहता येतात का?

काही पाहता येतात, काही नाही. अंतराळवीरांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण पाहण्याची नियमित, तिकीट काढून जाण्यासारखी सोय ह्यूस्टनमध्ये आहे. ‘स्पेस सेंटर ह्यूस्टन’ हे जॉन्सन केंद्राचे १९९२ पासूनचे अभ्यागत केंद्र. तिथून ट्रामने आत नेतात आणि ठरावीक सहलीत नियंत्रण कक्ष किंवा प्रतिकृतींची इमारत काचेआडून दाखवतात. पलीकडे खरोखरचे अंतराळवीर सराव करत असू शकतात.

भारतात चित्र वेगळे आहे. बेंगळूरुचे प्रशिक्षण केंद्र आणि एरोस्पेस मेडिसिन संस्था ही कामाची, सुरक्षेच्या बंधनातली ठिकाणे आहेत. तिथे सर्वसामान्यांसाठी नियमित सहली नाहीत. ‘इस्रो’ची दोन दारे मात्र उघडी असतात. थिरुवनंतपुरमजवळ थुंबा येथे सेंट मेरी मॅग्डलिन चर्चच्या जुन्या इमारतीत अंतराळ संग्रहालय आहे. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी भारताच्या भूमीवरून पहिले रॉकेट उडाले, त्या तळाचे काम याच चर्चमधून चालले होते. दुसरे दार श्रीहरिकोटाचे. २०१९ पासून तिथे सुमारे पाच हजार लोक बसू शकतील अशा सज्जातून प्रक्षेपण पाहता येते. त्यासाठी ‘इस्रो’च्या संकेतस्थळावर आधी नोंदणी करावी लागते. म्हणजे भारतीय मुलाला आज रॉकेट उडताना पाहता येते, पण त्यात बसणारा माणूस कसा तयार होतो हे सहज पाहता येत नाही.

मुलांसाठी खास योजना कोणत्या?

‘इस्रो’चा ‘युविका’ हा त्यातला सर्वांत ठोस कार्यक्रम. २०१९ मध्ये तो सुरू झाला. नववीच्या टप्प्यावरच्या निवडक मुलांना उन्हाळ्याच्या सुट्टीत सुमारे दोन आठवडे ‘इस्रो’च्या केंद्रात ठेवून घेतात, प्रयोगशाळा दाखवतात आणि शास्त्रज्ञांशी बोलू देतात. राहण्या-जेवण्याचा खर्च ‘इस्रो’ करते, रेल्वेचे भाडेही देते. निवडीत आठवीच्या गुणांना निम्मे महत्त्व असते. ऑनलाइन प्रश्नमंजूषा, विज्ञान प्रदर्शन, ऑलिम्पियाड, खेळ, स्काऊट-एनसीसी यांचेही गुण मिळतात. शाळा ग्रामपंचायतीच्या हद्दीत असेल तर १५ टक्के वेगळे मिळतात.

पुणे जिल्हा परिषदेने ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेच्या मदतीने जो उपक्रम केला, त्याचा पायाही ग्रामीण शाळा हाच होता. परीक्षांच्या फेऱ्या आणि मुलाखतीनंतर २५ मुले ‘नासा’साठी आणि ५० ‘इस्रो’साठी निवडली गेली. रेल्वेतही कधी न बसलेली मुले विमानाने जाणार, याचे मोठे कौतुक झाले आणि ते योग्यच होते. राज्य शासनानेही विद्यार्थ्यांसाठी विज्ञान केंद्रे, ‘इस्रो’ आणि ‘नासा’ भेटींची योजना जाहीर केली आहे.

मग माहुलच्या मुलाची अडचण काय?

पत्ता. माहुल महापालिकेच्या हद्दीत आहे, त्यामुळे कागदावर ते महानगर. ग्रामपंचायतीच्या शाळेचे १५ टक्के माहुलच्या शाळेला लागू होत नाहीत. जिल्हा परिषदेची शाळा नाही, म्हणून पुण्यासारखा उपक्रमही तिथे पोहोचत नाही. उलट, महानगरातल्या मुलाकडे जे असेल असे गृहीत धरले जाते ते सगळे माहुलमध्ये असतेच असे नाही. ऑलिम्पियाडची शिकवणी, विज्ञान प्रदर्शनात प्रकल्प मांडायला लागणारा खर्च, घरात सोबत घेऊन जाणारा मोकळा माणूस या सगळ्यांची किंमत असते. ती जुहूच्या मुलासाठी वेगळी आणि माहुलच्या मुलासाठी वेगळी. अर्जाच्या रकान्यात मात्र दोघांपुढे ‘मुंबई’ एवढेच येते.

माहुल हे मूळचे कोळी-आगरी गाव. १९५० च्या दशकात शेजारी तेलशुद्धीकरण प्रकल्प आले. नंतर शहराच्या निरनिराळ्या भागांतील प्रकल्पबाधित कुटुंबे इथल्या ७२ इमारतींच्या वसाहतीत आणली गेली. तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या २०१७ पासून हटवल्या, तेव्हा त्यातली हजारो माणसे इथेच आली. राहते घर बदलले की मुलाची शाळा बदलते किंवा तिच्यासाठी दूरचा प्रवास तरी वाढतो. ‘युविका’सारख्या निवडीत निम्मे महत्त्व एका इयत्तेच्या गुणांना असते. ते वर्ष स्थलांतरात गेले तर त्याचा फटका थेट यादीत दिसतो.

माहुलची हवा आणि अंतराळयानातली हवा

अंतराळ केंद्रात गेलेले मूल पोशाख, रॉकेट आणि तलाव बघते. माहुलच्या मुलाने आणखी एका गोष्टीपाशी थांबायला हवे. ती म्हणजे यानातील हवा सांभाळणारी यंत्रणा. बंद यानात खिडकी उघडता येत नाही. माणसांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड सतत शोषून घ्यावा लागतो आणि ऑक्सिजन पाण्याचे विघटन करून मिळवता येतो. त्याशिवाय रंग, प्लॅस्टिक, डिंक, तारांची वेष्टणे यांतून बाष्प सुटते. म्हणून आत जाणाऱ्या साहित्यातून काय बाहेर पडते, हे उड्डाणाआधी तपासले जाते. बेंझिन, टोल्युइन अशा प्रत्येक द्रव्याची मर्यादा ‘नासा’ने ठरवली आहे. एक तास किती चालेल, सात दिवस किती, १८० दिवस किती, हे वेगवेगळे लिहिलेले असते. कारण थोड्या वेळासाठी सोसवणारे प्रमाण महिनोन्महिने सोसवत नाही. ‘गगनयान’साठी ही यंत्रणा बाहेरून मिळाली नाही, म्हणून भारत ती स्वतः विकसित करत आहे, असे ‘इस्रो’चे तत्कालीन अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी सांगितले होते.

हीच द्रव्ये माहुलच्या खटल्याच्या कागदांत आहेत. केईएम रुग्णालयाच्या २०१३ मधील पाहणीत सुमारे ६७ टक्के लोकांनी महिन्यातून तीनपेक्षा अधिक वेळा धाप लागत असल्याचे सांगितले होते. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१५ मध्ये माहुल आणि अंबापाडा येथील हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्याला धोका जाणवण्याजोगा असल्याचे नोंदवले. सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने इथल्या प्रकल्पबाधितांना अन्यत्र राहण्यासाठी दरमहा १५ हजार रुपये भाडे देण्याचा आदेश महापालिकेला दिला. ज्या मुलाच्या घरात हवा हा रोजचा विषय आहे, त्याला ‘किती वेळासाठी किती’ हा तक्ता कोणी समजावून सांगावा लागणार नाही. उलट तोच विचारेल की, तीन दिवसांच्या प्रवासासाठी इतके मोजमाप होते, तर जन्मभराच्या राहण्यासाठी का नाही? केंद्राला भेट देऊन मूल असा प्रश्न घेऊन आले, तर ती सहल सार्थकी लागली म्हणायची. हवेचे रसायनशास्त्र, विषशास्त्र, संवेदक बनवणे हीदेखील अंतराळ मोहिमेतली कामे आहेत. अंतराळवीर मोजकेच होतात. त्यांना श्वास घेता यावा म्हणून राबणारे हजारो असतात.

ट्रॉम्बे आणि अंतराळ कार्यक्रमाचे नाते

माहुलला हा विषय तसा परका नाही. गावामागच्या टेकडीच्या पलीकडे भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. भारताचा अंतराळ कार्यक्रम अणुऊर्जा विभागाच्या घरातच जन्मला. १९६२ मध्ये विक्रम साराभाई यांच्या अध्यक्षतेखाली अंतराळ संशोधनाची राष्ट्रीय समिती याच विभागाने नेमली. त्या वेळी विभागाची सूत्रे होमी भाभांकडे होती. थुंबाच्या पहिल्या तुकडीतले तरुण अभियंता ए. पी. जे. अब्दुल कलाम यांची निवड-मुलाखत मुंबईत झाली आणि त्यांना प्रशिक्षणासाठी ‘नासा’च्या केंद्रांत पाठवण्यात आले. १५ ऑगस्ट १९६९ रोजी ‘इस्रो’ स्थापन झाली तीही अणुऊर्जा विभागातच. स्वतंत्र अंतराळ विभाग १९७२ मध्ये आला आणि मुख्यालय बेंगळूरुला स्थिरावले. त्यानंतर मुंबईचे नाव या विषयात मागे पडले.

ट्रॉम्बेचे केंद्र अर्थातच सहज आत जाण्याची जागा नाही. पण माहुलपासून काही किलोमीटरवर, मानखुर्दला, होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. देशातील खगोलशास्त्र ऑलिम्पियाडच्या निवडीचे आणि तयारीचे ते मुख्य ठिकाण. ऑगस्ट २०२५ मध्ये खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकीची आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाड मुंबईत झाली, तिच्या आयोजनात हेच केंद्र पुढे होते. जगभरची मुले विमानाने जिथे येतात, ते ठिकाण माहुलच्या मुलाला बसच्या अंतरावर आहे. पण ते आपल्यासाठी आहे, हे त्याला कोणीतरी सांगायला हवे.

आता काय करता येईल?

पहिले काम वेळापत्रकाचे. ‘युविका’ची नोंदणी साधारणपणे वर्षाच्या सुरुवातीला, फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास होते. आठवीची गुणपत्रिका, खेळ किंवा स्काऊटची प्रमाणपत्रे आणि मुख्याध्यापकांची स्वाक्षरी आधीपासून तयार नसेल, तर ऐन वेळी धावाधाव होते आणि अर्ज राहून जातो. शाळेत एका शिक्षकाकडे ही जबाबदारी सोपवली तरी बराच फरक पडेल. शाळा बदललेल्या मुलांची कागदपत्रे आधी गोळा करणे, हे त्यातले सर्वांत निकडीचे.

दुसरे काम जवळच्या ठिकाणांचे. वरळीचे नेहरू तारांगण १९७७ पासून आणि नेहरू विज्ञान केंद्र १९८५ पासून सुरू आहे. थुंबा किंवा ह्यूस्टनला जाण्याआधी मुलाने वजन आणि वस्तुमान यांतला फरक, कक्षा म्हणजे काय, पाण्यात तरंगणे आणि अंतराळात तरंगणे वेगळे का, हे पाहिलेले असले तर पुढची भेट निव्वळ छायाचित्रांची सहल होत नाही. पुण्याच्या उपक्रमाने दाखवले की परीक्षेची तयारी हाच मोठा भाग असतो. ७५ मुले निवडली गेली, पण तयारी त्याहून कितीतरी अधिक मुलांनी केली.

तिसरे काम नियमांचे आणि ते मुलांच्या हातात नाही. ग्रामीण शाळांना जादा महत्त्व देण्यामागे संधीपासून दूर असलेल्या मुलांना जवळ आणण्याचा विचार आहे आणि तो कायम राहायला हवा. पण दूर असणे फक्त किलोमीटरमध्ये मोजले तर पुनर्वसन वसाहतीतली मुले मोजणीतून सुटतात. महापालिका शाळांसाठी पुण्यासारखी वेगळी निवड घेणे, राज्याच्या योजनेत पुनर्वसन वसाहतींतील शाळांचा स्वतंत्र विचार करणे, ‘युविका’च्या निकषांत शहरी वंचित वस्त्यांचा रकाना आणणे, हे तिन्ही प्रशासकीय निर्णय आहेत आणि त्यांना रॉकेटइतका खर्च येत नाही. ते झाले, तर पुढच्या यादीत खडकवासल्याच्या डोंगरापलीकडच्या मुलाशेजारी माहुलच्या मुलाचेही नाव दिसू शकेल.